तांबड्या-हिरव्याचा करडा

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका मानशीचे छायाचित्र गेली कित्येक वर्षे माझ्या टेबलावर काचेखाली आहे. ते फसलेले छायाचित्र आहे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधात खाडीचे पाणी आत-बाहेर सोडण्यासाठी चिऱ्यांच्या दोन भिंतींमध्ये लाकडी दारे बसवलेली असतात, त्या जागेला आमच्याकडे मानस म्हणतात. श्रावणातल्या एका दुपारी रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून मी पलीकडे उतरले होते आणि बांधावरून चालत त्या मानशीपाशी येऊन थांबले होते. नुकतीच सर ओसरली होती. ढगांच्या फटीतून पडलेल्या उन्हात जांभ्या दगडाची ती भिंत नुकत्याच धुतलेल्या मडक्यासारखी तांबडी दिसत होती आणि तिच्या पायथ्यापासून थेट माडांच्या रांगेपर्यंत भाताचे कोवळे, पोपटी शेत पसरले होते. तांबडे आणि हिरवे इतके ठसठशीत, इतके एकमेकांना खेटून उभे होते की कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म आहे हे ठाऊक असूनही मला त्याची काळजी वाटली नाही. डोळ्यांना जे इतके वेगळे दिसते ते कागदावरही वेगळे उतरेल असे मी धरून चालले होते.

प्रिंट हाती आली तेव्हा भिंत आणि शेत मिळून एकच करडा पट्टा झाला होता. म्हापशाच्या ज्या जुन्या स्टुडिओत मी हे काम शिकत होते, तिथल्या काकांनी ती प्रिंट खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिली आणि परत देताना ते म्हणाले, ‘‘बाय, यात भिंत कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होते, ते मला बोट ठेवून दाखव.’’ मला ते दाखवता आले नाही.

गोव्याचा किनारा कृष्णधवलात टिपू पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा याच अडचणीला तोंड द्यावे लागते, कारण आमची सारी भूमी याच दोन रंगांवर उभी आहे. खाली जांभा, वर झाडोरा. रंग म्हणून ही दोन टोके असली तरी उजेड म्हणून त्यांच्यात फारसे अंतर नाही; ओला जांभा जेवढा उजेड परत पाठवतो, जवळजवळ तेवढाच भाताचे पान पाठवते. रंग बाजूला काढला की उरते ते उजेडाचे माप, आणि दोघांचे माप सारखे आले की दोघे एकमेकांत विरघळून जातात. डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण सुटलेली नाही. रंगीत चित्राचे करडे करताना संगणक जो नेहमीचा हिशेब वापरतो, त्यात हिरव्याचा वाटा साधारण ५९ टक्के, तांबड्याचा ३० टक्के आणि निळ्याचा ११ टक्के असतो. माणसाच्या डोळ्याला कोणता रंग किती उजळ भासतो यावरून हे प्रमाण ठरवलेले आहे, आणि ते कुठल्याही मुलखासाठी एकच आहे. खाजनातल्या भिंतीची आणि शेताची सीमा कुठे आहे, हे त्या हिशेबाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते छायाचित्रकाराला ठाऊक असावे लागते.

काकांनी त्यांच्या टेबलाच्या खणातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. मलमलच्या तुकड्यांत गुंडाळलेले चार फिल्टर त्यात होते: पिवळा, नारिंगी, तांबडा आणि हिरवा. नियम सोपा आहे. फिल्टर ज्या रंगाचा, तो रंग चित्रात उजळतो आणि त्याच्या विरोधी रंग गडद होतो. मी पुन्हा चोडणला गेले आणि त्याच मानशीचे त्याच जागेवरून दोन वेळा छायाचित्र घेतले, एकदा तांबडा फिल्टर लावून आणि एकदा हिरवा. तांबड्या फिल्टरने भिंत फिकट, जवळजवळ चुन्याने सारवल्यासारखी आली आणि तिच्यामागचे शेत काळपट झाले. भिंत आणि शेत आता वेगळे दिसत होते, पण ते चित्र मला परके वाटले. वैशाखात, महिनोन्महिने पाऊस न पडलेल्या माळावरचा जांभा तसा दिसतो. हिरव्या फिल्टरने भिंत काळोखली, चिऱ्याचे एकेक छिद्र दिसू लागले आणि शेत आतून उजेड फुटल्यासारखे फिकट झाले. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस त्याच्या पोटात मुरतो आणि पाणी भरलेली छिद्रे उजेड गिळतात. म्हणून पावसाळ्यातली भिंत जड दिसते, हात लावला तर गार लागते, आणि शेजारचे कोवळे भात तिच्यासमोर हलके वाटते. हिरव्या फिल्टरच्या प्रिंटमध्ये ते जडपण आले होते. दोन्ही चित्रांत दगड तोच होता आणि दुपारही सारखीच होती, परंतु श्रावण फक्त एकात होता.

त्या दिवसापासून माझी एक समजूत बदलली ती कायमची. कृष्णधवल म्हणजे रंगांना रजा देणे, असे मला तोवर वाटत होते. प्रत्यक्षात या कामात रंगाची ओळख जितकी पक्की लागते तितकी रंगीत छायाचित्रणात लागत नाही, कारण तिथे पोपटी आणि हिरवा यांतला फरक फिल्म आपोआप सांभाळते, इथे तो मला शटर दाबण्याआधी मनात मांडावा लागतो. आता मी बांधावर उभी राहते तेव्हा हिरव्याचेच पाच-सहा तुकडे करून पाहते. भाताचे कोवळे पान उजळ, आंब्याचे जून पान काळसर, कांदळाचे जाड पान मधले, आणि शेवाळाचा हिरवा तर इतका खोल की ओल्या चिऱ्यावर तो चिऱ्यापासून वेगळा काढणे कठीण जाते.

माडाची गोष्ट निराळीच आहे. माडाच्या पात्याला मेणाचा गुळगुळीत थर असतो आणि पावसानंतर ते पाते आरशासारखे आकाश परत फेकते. आपण त्याला हिरवे म्हणतो, पण निम्म्या वेळा आपण पाहतो ते पात्यावर पडलेले आकाश असते. एकदा मांद्र्याला माडाच्या एका वाकलेल्या झावळीखाली उभे राहून मी एकेक पाते नीट पाहिले. मधल्या शिरेच्या एका बाजूला पाते पांढरे चमकत होते, दुसऱ्या बाजूला तेच पाते जवळजवळ काळे होते, आणि दोन्हींच्या मधली शीर केसाएवढी बारीक, फिकट रेघ होऊन टोकापर्यंत गेली होती. वारा आला की पांढऱ्याचे काळे होई आणि काळ्याचे पांढरे. रंगीत चित्रात ही सगळी हालचाल हिरव्या शब्दाखाली दडून जाते. चमक घालवणारा पोलरायझर लावला तर पात्याचा खरा रंग दिसतो हे खरे, पण ती चमक हीच पावसाची खूण आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या झाडांसाठी मी तो फार क्वचित वापरते.

आकाशाच्या बाबतीत मला परदेशी पुस्तकांनी बरीच वर्षे चकवले. तांबडा फिल्टर लावला की निळे आकाश काळेभोर होते आणि त्यावर पांढरे ढग उठून दिसतात, असे त्यांत लिहिलेले असते आणि कोरड्या, उंच प्रदेशात ते घडतेही. मे महिन्यात मोरजीच्या किनाऱ्यावर मी तांबडा फिल्टर लावून अर्धी फिल्म संपवली आणि प्रत्येक प्रिंटमध्ये आकाश पाणी घातलेल्या ताकासारखे आले. कोरड्या हवेतले बारीक रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून तिथले आकाश निळे असते आणि तांबड्या काचेपुढे काळे पडते. समुद्रावरच्या दमट हवेत पाण्याचे आणि मिठाचे मोठे कण तरंगत असतात आणि ते सगळेच रंग सारखे विखुरतात; मग आकाशात गाळून काढण्याजोगे निळे उरतच नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या काही धुतलेल्या सकाळी, तो फिल्टर आमच्याकडेही काम करतो. एरवी गोव्याचे आकाश पांढरटच असते, आणि ते जसे आहे तसेच घ्यायला मला वेळ लागला.

पांढऱ्या आकाशाची अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या काचेच्या प्लेटांना जवळजवळ फक्त निळाच प्रकाश दिसे, त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पडलेले असे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास काढलेल्या काही समुद्रचित्रांत यावर उपाय म्हणून समुद्राची एक आणि ढगांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजाच्या रेषेवर जोडल्या. ती चित्रे सुंदर आहेत. तरीही त्या काळातली कोऱ्या आकाशाची चित्रे पाहताना मला आमचा एप्रिल-मे आठवतो. आमचे त्या दिवसांतले आकाश खरोखरच तसे असते, नजर ठरू न देणारे आणि कोरे.

उन्हाबद्दलही हेच. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात. मेमध्ये मात्र रापणीसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यासाठी, वाळूत रोवलेल्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी गोळा होते, होडी आपल्याच काळोखावर बसल्यासारखी दिसते आणि माणसांच्या चेहऱ्यांवर फक्त भुवयांची सावली उरते. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवावा, असे सगळे सांगतात. मला ती वेळ आवडते, कारण किनाऱ्यावरची माणसे त्याच उन्हात जाळी सुकवतात आणि मासे खारवून वाळत घालतात.

आता एका गंभीर आक्षेपाकडे येते. रघुबीर सिंह (१९४२–१९९९) या थोर छायाचित्रकाराने आयुष्यभर रंगीत फिल्मवर भारत टिपला आणि भारतीय माणूस जग रंगांतच पाहतो, कृष्णधवलातली उदासी आणि तुटलेपण ही पश्चिमेची दृष्टी आहे, असे मत त्यांनी आग्रहाने मांडले. हा विचार मला झटकून टाकता येत नाही. शिगम्याची मिरवणूक किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली मिरच्यांची रास यांचे रंग काढून घेण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही, आणि ती चित्रे मी कृष्णधवलात काढत नाही. पण भारतीय नजर उजेडाकडे रंगाविना पाहत नाही, हे मला माझ्या भाषेमुळे पटत नाही. मळभ या शब्दाला रंग नाही. झाकोळ, सावट, तिरीप, कवडसा, झुंजुमुंजू, यांपैकी एकाही शब्दात रंग नाही, आणि प्रत्येकाचा उजेड वेगळा आहे. आम्ही ऊन लख्ख म्हणतो, अंधार मिट्ट म्हणतो, उजाडले की फटफटले म्हणतो. माझी आजी पहाटे दारात उभी राहून ‘‘आज मळभ आहे, आमसुले वाळत घालू नका’’ असे सांगायची, तेव्हा ती आकाशाच्या करड्या छटा वाचत होती आणि त्या वाचनावर घरातले दिवसभराचे काम ठरत होते. तिच्या त्या पाहण्यात मला उदासी कधी जाणवली नाही.

शिवाय गोव्यावर रंगाचा एक वेगळा अन्याय झालेला आहे, असे मला वाटते. पर्यटनाच्या जाहिरातींनी निळा समुद्र, हिरवे माड आणि नारिंगी सूर्यास्त इतके वेळा छापले की आता समोरचा किनारा पाहतानाही नजर त्या छापील रंगांना भेटून परत येते. जूनमध्ये आमचा समुद्र निळा नसतो. डोंगरांची माती घेऊन उतरलेल्या नद्यांनी तो चहासारखा गढूळ केलेला असतो, लाटेचा फेससुद्धा पिवळट असतो, आणि त्या पाण्यासमोर उभे राहून वल्ही आवरणाऱ्या माणसाला सुट्टीच्या रंगांशी काही देणेघेणे नसते. रंग काढला की छापील गोवा गळून पडतो आणि पाणी, माती आणि श्रम यांची घडण दिसू लागते. माझ्यापुरते कृष्णधवलाचे कारण एवढेच आहे.

या मुलखात कृष्णधवल फिल्म धुणे हेही हवामानाशी हुज्जत घालण्याचे काम आहे. डेव्हलपरचे सगळे तक्ते २० अंश सेल्सिअस गृहीत धरून छापलेले असतात आणि मे महिन्यात आमच्या नळाचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. काका एका परातीत बर्फ ठेवून तीत डेव्हलपरचे भांडे बसवत, आणि धुण्याचे पाणी आदल्या रात्रीच मातीच्या घागरीत भरून ठेवत. गार डेव्हलपरमधून काढलेली फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर तिच्यावरच्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात, आणि नुसत्या गरम पाण्यानेही ते फुगून इतके मऊ होते की बोटाचा स्पर्श कायमचा उमटतो. म्हणून फिक्सरमध्ये तुरटी घालायची. तुरटीने जिलेटिन आवळते. दाढी झाल्यावर कातडीवर फिरवायचा तो खडा इथे फिल्मची कातडी घट्ट करतो. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. माझी एक चांगली लेन्स कपाटात ठेवल्यामुळे एकाच पावसाळ्यात गेली, आणि तेव्हापासून जूनच्या आधी सगळे सामान सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात जाते.

सर्वांत अवघड विषय मात्र मला आगरवाड्याच्या मिठागरात भेटला. पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी ही मिठागरे आहेत. गोव्यातली कितीतरी मिठागरे एकामागून एक बंद पडली, जी उरली आहेत त्यांत ही आहेत. भरतीचे खारे पाणी कोंडींमध्ये घेतात, ते उन्हाने आटत आटत एका कोंडीतून दुसरीत जाते आणि शेवटच्या उथळ कोंडीत मीठ धरते. मी पहिल्यांदा गेले ती मार्चमधली सकाळ होती. लाइट मीटर कोणत्याही वस्तूला मध्यम करडे, १८ टक्के उजेड परतवणारे, समजून मोजतो. त्याला मीठ आणि कोळसा यांतला भेद कळत नाही. त्याच्या आकड्यावर विसंबून काढलेले मीठ मळक्या राखेसारखे आले. दुसऱ्या वेळी मी दोन स्टॉप अधिक, म्हणजे चौपट, उजेड दिला. मीठ पांढरे झाले, पण इतके की त्याचा खडाच नाहीसा झाला आणि कागदावर पांढरे भोक पडल्यासारखे दिसू लागले.

मी तिथे तिसऱ्यांदा ट्रायपॉड लावून बसले होते तेव्हा लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढणारी एक बाई थांबली आणि काय चालले आहे ते तिने विचारले. मिठाचा पांढरा मला सापडत नाही, असे मी सांगितले. तिने फळी टेकवली आणि मला बांधावर घातलेल्या राशींकडे नेले. वरवरचे हलक्या हाताने ओढलेले मीठ पांढरे, ते जेवणाचे. त्याखालचे जरा मळकट, ते मासे खारवायला. आणि तळाच्या चिखलाला लागून आलेले काळपट, ते माडांच्या बुडाशी घालायला. शिवाय आत्ता ओढलेले मीठ ओले आहे, पाणी निथळायला वेळ लागतो, निथळल्यावर त्याचा रंग पुन्हा बदलतो, तेव्हा ‘‘उद्या सकाळी ऊन चढायच्या आत ये बाय,’’ असे ती म्हणाली. मी ज्याला पांढरा म्हणत होते त्याच्या तिच्याकडे तीन प्रती होत्या, आणि प्रत्येकीचा भाव वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी मी सूर्य उगवताना गेले. आडव्या उन्हात राशीच्या प्रत्येक खड्याला एक उजळ आणि एक काळी बाजू आली होती. मी कॅमेरा जमिनीपासून वीतभर अंतरावर आणला. निथळलेले मीठ कोरडे, दाणेदार होते. खाली जिथे पाणी साचले होते तिथे खडे अर्धवट पारदर्शक दिसत होते, आणि त्या दोहोंच्या मध्ये बाईच्या टाचेचा एक खोल ठसा होता, ज्यात रात्रीतून नव्या मिठाची पातळ साय धरली होती. मीटर मी मिठावर न धरता त्या ठशातल्या सावलीवर धरला. ती माझी मिठाची पहिली खरी प्रिंट. पांढरा त्यात फार थोडा आहे, बाकी सगळे फिकट करड्याचे थर आहेत.

गेल्या श्रावणात मी पुन्हा चोडणच्या मानशीकडे गेले. या वेळी पंचांग पाहून पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरला होता, कारण त्या दिवसांत ओहोटी संपून भरती लागायची वेळ संध्याकाळी येते. मळभ होते. उतरणाऱ्या पाण्याबरोबर मानशीची लाकडी दारे खाडीच्या बाजूला उघडी होती आणि खाजनातले पाणी त्यांतून बाहेर जात होते. चिऱ्यांच्या भिंतीवर सकाळच्या भरतीची खूण काळ्या, ओल्या पट्ट्यासारखी होती, आणि त्या पट्ट्यात चिकटलेली कालवे चुन्याच्या ठिपक्यांसारखी दिसत होती. मी हिरवा फिल्टर लावला आणि वाट पाहिली. पाणी थांबले. मग खाडीकडून हळूहळू चढू लागले, आणि कोणी हात न लावता, केवळ बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने, दारे आत ढकलली जाऊन मिटली. मीटरने आठ सेकंद सांगितली. एवढ्या लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची पकड मंदावते, म्हणून मी चौदा दिली.

काका आता स्टुडिओत रोज बसत नाहीत, पण प्रिंट घेऊन गेले तेव्हा होते. त्यांनी ती खिडकीपाशी नेली आणि चष्मा कपाळावर सरकवला. भिंतीच्या कडेवरून त्यांचे बोट खाली येत येत कालवांच्या पट्ट्यापाशी थांबले.

‘‘भरती किती वाजता लागली होती?’’ त्यांनी विचारले.

‘‘साडेपाचला, काका.’’

‘‘आणि दार मिटले?’’

‘‘साडेसहाला.’’

त्यांनी मान हलवली आणि प्रिंट उजेडात आणखी थोडी तिरकी धरली.